माल काय आहे?

"कुणाला काही विचारायचंय?" म्हणत खरेदीवाल्या साहेबांनी चष्म्यावरून खोलीभर नजर फिरवली, आणि लेकीचा हात वर जायच्या आत बाईंनी टेबलाखाली आपला पाय तिच्या पावलावर ठेवला. नुसता टेकवला नाही, टाच रोवून ठेवला.

लेकीचं तोंड उघडं राहिलं. वर निघालेल्या हाताने तिने कपाळावरचे केस सारखे केले.

लांबलचक टेबल होतं. दोन्ही बाजूंना पेट्या विकणारे बसले होते. पेट्या म्हणजे मोठमोठ्या कचेऱ्यांचा डेटा साठवायची यंत्रं. कपाटाएवढी, थंड खोलीत ठेवायची, दिवसरात्र घोंघावणारी. प्रत्येकासमोर पाण्याची बाटली होती आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपल्याला या टेंडरची फारशी गरज नसल्याचा भाव होता. बाईंच्या बरोबर समोर त्यांचे धाकटे दीर रेलून बसले होते. पेनाचं टोपण काढायचं, लावायचं, काढायचं. ही खोड त्यांना शाळेपासूनची. बाईंनी त्यापायी त्यांच्या हातावर चापटसुद्धा मारली होती कधीकाळी.

या धंद्यात बोली भरण्याआधी अशी एक बैठक होते. शंका असेल त्याने सगळ्यांसमोर विचारायची, आणि उत्तर मग सगळ्यांनाच लेखी जातं, न विचारणाऱ्यालाही. त्यामुळे शहाणा माणूस बैठकीत तोंड उघडत नाही. आपलं डोकं दुसऱ्याला फुकट कोण वाटेल?

बाईंचे यजमान वाटायचे. दोन्ही कोपरं टेबलावर टेकून ते पहिला प्रश्न टाकायचे, "साहेब, भावाचं नंतर. माल काय आहे?" पेट्यांत भरणार काय, हिशेबाचे कागद की फोटो की आणखी काही, ते आधी कळल्याशिवाय ते आकडा काढत नसत. बाजूला बसलेले प्रतिस्पर्धी भराभरा लिहून घ्यायचे. बाई घरी येऊन कडाकडा बोटं मोडायच्या. यजमान म्हणायचे, "अगं, त्यांनी चुकीची पेटी विकली तर शिव्या सगळ्या धंद्यालाच बसतात." म्हणून बाजारात त्यांचं नावच 'माल काय' पडलं होतं.

आज तो प्रश्न लेकीच्या ओठांवर होता. तो टाचेखाली गेला.

"कुणालाच काही नाही?" साहेबांनी फाइल मिटली. "मग भेटू बोली उघडताना."

बाहेर लिफ्टपाशी धाकटे आडवे आले. अत्तर आधी पोचलं, मागून ते.

"वहिनी, या वयात कशाला दगदग? पोरीला पाठवायचं एकटीला."

"मग तुमचं तोंड बघायला कोण येणार, भाऊजी? मला तेवढीच करमणूक."

धाकटे मोकळेपणाने हसले. हसताना ते थेट यजमानांसारखे दिसत. बाईंना त्याचाच जास्त राग यायचा.

गाडीत बसल्यावर लेकीने बूट काढून पाऊल चोळलं.

"आई, पाय का दाबलास?"

"पेटका आला होता."

"तुझा पेटका माझ्या पायात?"

"तू तुझी गाडी चालव."

लेकीने गाडी सुरू केली नाही. "त्यांनी सगळा साठा चारास एकच्या हिशेबाने, दाबून बसवायला मागितलाय. ती तपासणी केंद्रं आहेत, आई. हाडांचे, छातीचे, डोक्याचे फोटो. ते फोटो दाबले जात नाहीत. चारास एक धरून पेट्या दिल्या तर वर्ष सरायच्या आत गळ्यापर्यंत भरतील."

"भरू देत."

"आणि गॅरंटी आहे त्यात. जागा कमी पडली तर वरच्या डिस्क विकणाऱ्याने फुकट द्यायच्या."

"ती वाचली मी. कलम न् कलम वाचलंय. शाळा अर्धी सोडली म्हणून अक्षरं मला ओळखत नाहीत असं नाही."

लेकीने आईकडे पाहिलं. मग किल्ली फिरवली.

पेटीची सगळी करामत दाबण्यात असते. कचेरीचे कागद एकसारखे असतात. तोच मथळा, तीच सही, तोच मजकूर हजार वेळा. यंत्र तो एकदा लिहितं आणि बाकीच्या जागी 'वरीलप्रमाणे' म्हणून मोकळं होतं. म्हणून चार कपाटांचा माल एका कपाटात बसतो आणि विकणारा छाती फुगवून एका कपाटाचा भाव सांगतो. तपासणीचे फोटो मात्र यंत्रात येण्याआधीच पिळून आलेले असतात. पिळलेलं फडकं पुन्हा पिळून मनगटं दुखतात, पाणी काही निघत नाही.

धाकट्यांना हे ठाऊक असायला हवं होतं. पण त्यांची सगळी हयात बँकांत गेली होती. बँकांचा माल कसा, गादीतल्या कापसासारखा. गुडघा दिला की बसला. साहेबांच्या कचेरीने नमुना म्हणून पत्रव्यवहार आणि हिशेब दिले होते. धाकट्यांच्या माणसांनी तोच नमुना यंत्रात घालून पाहिला असणार, आणि तो चारास एकहून चांगलाच दाबला गेला असणार. मग काय, गडी खूश.

त्या बँका मुळात कुणाच्या होत्या, हे बाजार विसरला होता. बाई विसरल्या नव्हत्या.

यजमान नाकातोंडात नळ्या घेऊन पडले होते तेव्हाची गोष्ट. धाकटे तेव्हा दुकानातच होते. भावाच्या हाताखाली तयार झालेले, पहिल्या नोकरीचा सदरासुद्धा वहिनीने इस्त्री केलेला. यजमान अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी एकेक बँक गाठली आणि खरेदीच्याही खालच्या भावाने पेट्या देऊ केल्या, स्वतःच्या नव्या पाटीखाली. पेटीत पहिल्या दिवशी कुणी कमावत नाही. कमाई असते ती पुढच्या देखभालीच्या करारात आणि वाढत्या डिस्कमध्ये. यजमानांनी वर्षानुवर्षं राखलेली ती पुढची कमाई धाकट्यांनी मुळासकट उपटून नेली. बाईंच्या वाट्याला उरले गल्लीबोळांतले क्ष-किरणवाले, पैसे थकवणारे आणि वर चहा मागणारे. त्यांच्याच जिवावर बाईंनी दुकान तगवलं, आणि फोटो दाबले जात नाहीत हे त्यांच्याच शिव्या खाऊन शिकल्या.

त्या वेळी बाईंनी दवाखान्याच्या त्या खोलीत, पलंगाच्या या बाजूने विचारलं होतं, "भाऊजी, सख्ख्या भावाच्या ताटातलं उचललंत?"

पलंगाच्या त्या बाजूने धाकटे म्हणाले होते, "धंद्यात नातं नसतं, वहिनी. भाव असतो."

यजमानांचे डोळे मिटलेले होते, पण पापण्या हलल्या. त्यांनी ऐकलं, एवढं बाईंना कळलं. त्यानंतर त्यांनी धंद्याची विचारपूस केली नाही, आणि थोड्याच दिवसांत विचारपूस करणारेच राहिले नाहीत.

ते वाक्य बाईंनी लवंगेसारखं दाढेखाली धरून ठेवलं. एक दिवस त्याच माणसाला ते तसंच्या तसं परत करायचं होतं. कसं बसायचं, कुठे बघायचं, कुठे थांबायचं, सगळं ठरलेलं.

लेकीने बोली प्रामाणिकपणे भरली. फोटो निम्म्यानेही दाबले जाणार नाहीत असं धरून भरपूर पेट्या, आणि त्याप्रमाणे भाव. बाईंनी आकडा पाहिला आणि लगेच सही केली. एरवी त्या लेकीशी सुईच्या टोकाएवढ्या मार्जिनसाठी तासभर भांडायच्या. लेक त्या सहीकडे बघतच राहिली.

बोली उघडल्या. धाकट्यांचा भाव सगळ्यांच्या खाली, इतका खाली की खोलीत कुणीतरी शीळ घातली. वर चारास एकची छातीठोक गॅरंटी.

साहेब बाईंना म्हणाले, "तुमचा आकडा फारच वर गेला, बाई. तुमच्या पेट्या सोन्याच्या आहेत का?"

"नाही साहेब, लोखंडाच्याच. आमची पद्धत जुनी."

"जमाना बदलला."

"दिसतंय ना."

दुसऱ्या दिवशी धाकट्यांकडून चॉकलेटांचा भलामोठा डबा आला. सोबत चिठ्ठी होती, 'वहिनींना, मोठ्या मनाने.' बाईंनी चॉकलेटं गोदामातल्या माणसांना वाटून टाकली. डबा पत्र्याचा होता, चांगला होता. त्यात स्क्रू भरून ठेवले.

मग त्या कामाला लागल्या. त्या पेट्यांना लागतात तशा डिस्कचा बाजारात आधीच तुटवडा होता. बाईंनी ठेवीतले पैसे काढले, इथून थोडे, तिथून थोडे करत डिस्कचे कप्पे उचलले आणि गोदामाची मागची भिंत छतापर्यंत भरली. लेकीने विचारलं, एवढा माल कुणासाठी? बाई म्हणाल्या, गिऱ्हाईक येणार आहे.

रोज सकाळी दिवा लावून त्या भिंतीपुढे उभ्या राहायच्या. चहा तिथेच उभ्याने प्यायच्या. दुकानातली माणसं म्हणायची, बाईंची तब्येत सुधारली.

बातम्या पेट्या बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आणायचा. जिभेला हाड नसलेला, इकडचं तिकडे करण्यात पोट भरणारा. आधी म्हणाला, धाकटे साहेब नवी गाडी बघतायत. मग म्हणाला, त्या तपासणीवाल्यांच्या पेट्या फार लवकर भरायला लागल्यात. मग म्हणाला, धाकट्यांनी कंपनीला गॅरंटीची आठवण करून दिली, तर कंपनीने बारीक अक्षरांत बोट दाखवलं. फोटोंना गॅरंटी नाही म्हणे, त्यांनी नमुना कागदांचा दिला होता. सगळं धाकट्यांच्याच अंगावर.

"तोंडचं पाणी पळालंय हो त्यांच्या," तो चहात बिस्किट बुडवत म्हणाला. "जागा भरली की केंद्रं बंद पडणार. रोजचा दंड आहे. आणि डिस्क तर कुठेच नाहीत."

"अरेरे," बाई म्हणाल्या. "आणखी एक बिस्किट घ्या."

धाकटे आले ते मागच्या दाराने, दुपारी, माणसं जेवायला गेली असताना. अत्तर नव्हतं. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. लेक कोपऱ्यातल्या टेबलावर एका पेटीचं झाकण उघडून बसली होती. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"बसा, भाऊजी."

"बसत नाही."

"जशी मर्जी."

धाकट्यांची नजर मागच्या भिंतीवर गेली. छतापर्यंत. ती तिथून खाली यायला वेळ लागला.

"वहिनी, डिस्कचे कप्पे हवेत."

"किती?"

"आहेत तेवढे."

बाई खुर्चीत नीट सरकून बसल्या. हात मांडीवर घेतले. ठरल्याप्रमाणे त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, तोंड उघडलं, आणि—

"ठाऊक आहे काय म्हणणार ते," धाकटे म्हणाले. "धंद्यात नातं नसतं, भाव असतो. मीच म्हणालो होतो. सांगा भाव."

ताटावर बसावं आणि कुणी समोरून ताटच ओढून न्यावं, तसं बाईंना झालं. इतकी वर्षं जपलेलं वाक्य त्यांच्या तोंडून काढून घेऊन, तो माणूस उभ्या उभ्या बोलून मोकळा झाला होता.

"छापील," बाई म्हणाल्या.

धाकट्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. छापील भाव या धंद्यात कुणी देत नाही. तो छापतातच खोडण्यासाठी. त्यावर सवलत, त्या सवलतीवर सवलत, मग मोठ्या गिऱ्हाइकाची म्हणून आणखी. छापील भाव मागणं म्हणजे भिंतीवरच्या चित्रातलं फळ विकणं.

"छापील भावाने आजवर कुणी घेतलंय, वहिनी?"

"तुम्ही घेणार."

कोपऱ्यात लेकीच्या हातातला पेचकस थांबला होता.

धाकट्यांनी चेकबुक काढलं. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. सही करताना ते कुणाच्याही टेबलावर टेकले नाहीत, तळहातावरच कागद धरला. बाईंनी चेक घेतला, उजेडात धरला, उलटून पाहिला. करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

"गाडी संध्याकाळी पाठवतो," धाकटे म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळले. ओठांवर हसू होतं, तेच, यजमानांचं.

"गंमत सांगू का, वहिनी? पोरीने मला सांगितलं होतं. त्या बैठकीच्याच संध्याकाळी फोन आला. 'काका, त्यात फोटो आहेत, चारास एक धरू नका, बुडाल.'"

बाईंनी लेकीकडे पाहिलं नाही.

"मला वाटलं, फोन तुम्हीच करायला लावलात. मला घाबरवून टेंडरमधून उठवायचा डाव. वहिनी फुकट काही देत नाहीत, आणि मला तर नाहीच नाही. म्हणून मी भाव आणखी खाली नेला." त्यांनी दाराची कडी हातात धरली. "तुम्हाला बरोब्बर ओळखलं मी. तिलाच ओळखलं नाही."

दार लागलं. पत्र्यावर पाखराच्या पायांचा आवाज येत होता.

"फोन केलास?" बाईंनी विचारलं.

"केला."

"मला न सांगता?"

"तू तरी मला कुठे सांगितलंस? पाय ठेवलास फक्त."

"तुझ्या बापासाठी केलं मी हे सगळं."

लेकीने पेटीचं झाकण बसवलं. पत्र्याच्या डब्यातून एकेक स्क्रू घेऊन आवळला. शेवटचा आवळून झाल्यावर म्हणाली, "बाबांनी विचारलं असतं, आई."

बाईंनी चेक ड्रॉवरमध्ये ठेवून किल्ली फिरवली. त्या म्हणाल्या, "तो मागचा दिवा बंद कर. वीज फुकट येत नाही."

तो छापील भाव पेलला नाही, आणि काही महिन्यांत धाकट्यांची पाटी उतरली. बाई मुद्दाम त्या रस्त्याने गेल्या. दोन माणसं काचेवरचं नाव खरवडत होती आणि अक्षरांचे कपटे फुटपाथवर पडत होते. बाईंनी गाडी थांबवायला सांगितली, काच खाली केली, पुरतं बघितलं. गोड लागलं. नाही लागलं असं कसं म्हणावं? पण सोबत बघायला कुणी नव्हतं. लेक त्या दिवशी गिऱ्हाइकाकडे होती. हल्ली ती गिऱ्हाइकांकडेच जास्त असायची. दुकानात बोलणं कामापुरतं व्हायचं, आणि घरी कामही नसायचं.

पुढच्या टेंडरची बैठक एका वाचनालयाच्या इमारतीत होती. पुन्हा लांबलचक टेबल, पुन्हा बाटल्या. बाई आपल्या जागी बसल्या. मागच्या रांगेत, एका परक्या कंपनीचा बिल्ला छातीवर लावून धाकटे बसले होते, आता पगारावर. त्यांनी बाईंना पाहून मान किंचित लववली. बाईंनी पाण्याची बाटली सरळ केली.

इथल्या अधिकारी मॅडम तरुण होत्या. त्यांनी सगळं भराभर वाचून दाखवलं. इतका साठा, इतकी वर्षं, अमुकास एक असा दाब. "सर्व प्रकारचा माल" एवढं म्हणून पान उलटलं.

बाईंचे कान टवकारले. सर्व प्रकारचा. जुन्या पुस्तकांचे फोटो असणार त्यात, पानन् पान. समोर बसलेल्यांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. चेहऱ्यांवरून दिसत होतं. मागे धाकटे तेवढे ताठ बसले होते.

"कुणाला काही विचारायचंय?"

सवयीने बाईंनी टेबलाखाली पाय पुढे केला. तिथे पाऊल नव्हतं. त्यांनी अंगठ्याने चाचपून पाहिलं. फरशी गार होती.

लेक पलीकडच्या बाजूला, खिडकीजवळ बसली होती. केव्हा तिकडे गेली, कळलंच नाही. तिने हात वर केला होता आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकली होती.

"मॅडम, भावाचं नंतर," ती म्हणाली. "माल काय आहे?"

 खोलीभर टोपणं काढल्याचा आवाज झाला. मागच्या रांगेत एक टोपण निघालं आणि या खेपेला परत लागलं नाही.

बाईंनी पाय मागे घेतला आणि चपलेत सरकवला.